चकती

तोल्कुनबेकनं ती रविवारी आणली,
बिश्केकच्या सुट्या भागांच्या बाजारातून,
राजम्याची चार पोती विकून हाती आलेल्या पैशातले
बाराशे सोम मोजून.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पत्र्याची,
तळहाताएवढी,
आठ पाती, सगळी एकाच बाजूला मुरडलेली,
कुणी नाक मुरडावं तशी.

विकणाऱ्या इस्खारनं त्याला सांगितलं होतं,
हवा नळीतून सरळ जाते, म्हणून आळशी होते.
तिला गिरकी द्या,
मग बघा घाटात गाडी कशी पळते.
हे त्यानं मला तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा हातांनी गिरकी घेऊन दाखवली,
चहाचा वाडगा सांडला.

आमची आउडी माझ्या धाकट्या भावाच्या वयाची.
जर्मनीत कुणाची होती कोण जाणे,
सीटखाली अजून त्यांचं एक नाणं सापडतं.
तलासला जाताना, खिंडीतल्या बोगद्याच्या आधी,
तीन हजार मीटरवर,
ती पहिल्या गिअरवर यायची.
मागचे ट्रक भोंगे वाजवायचे,
गाडीतली माणसं बोलायची थांबायची,
आणि एखादी म्हातारी हमखास
दोन्ही तळवे तोंडावरून फिरवायची.

पेट्रोलचा हिशेब माझ्याकडे.
निळी वही, शंभर किलोमीटरला चौदा लिटर,
कधी साडेचौदा.

संध्याकाळी त्यानं बॉनेट उघडलं.
बॅटरी मी धरली.
फिल्टरचं झाकण निघालं तर आत
उंदराचा अख्खा संसार:
मेंढीची लोकर, राजम्याची टरफलं,
पॉपलरचा कापूस,
आणि माझ्या हरवलेल्या मोज्याची टाच.
'हं,' म्हणाला, आणि सगळं बाहेर फेकलं,
फिल्टर पायरीवर दोनदा आपटला,
धूळ माझ्या डोळ्यांत,
आणि मग अगदी हलक्या हातानं,
पाळण्यात मूल ठेवावं तशी
चकती नळीत बसवली.

साडेअकरा.
मी दोनदा भागाकार केला.
बोगद्यापर्यंत दुसरा गिअर,
एक ट्रक मागे टाकला,
सुसामिरला थांबला तेव्हा
घोडीचं दूध विकणाऱ्या बाईलाही
त्यानं पातं कसं फिरतं ते समजावलं.
(पातं फिरत नाही. पातं जागीच असतं.
फिरते ती हवा. पण त्याला टोकणार कोण?)

मग त्याचा चुलतभाऊ जोलदोश
तीच चकती घेऊन आला, तेवढ्याच पैशाला,
महिनाभर चालवून, रागानं लाल.
'काडीचा फरक नाही!'
तोल्कुनबेक म्हणाला, 'तुझ्या गाडीचा विश्वास नाही तिच्यावर.'
'आणि तुझ्या गाडीचा आहे?'
'आहे.'
मी भाकरी तोडत होते.
मी एवढंच विचारलं,
'जोलदोश, तुझा फिल्टर शेवटी कधी उघडलास?'

दोघंही भाकरीकडे बघत राहिले.

त्या रात्री मला अंगणात
स्क्रू फिरवल्याचा आवाज आला.
मी कूस बदलली.
सकाळी तो तलासला गेला, परत आला,
पावती माझ्यापुढे ठेवली,
आणि माझ्या खांद्यावरून वाकून
वहीकडे बघत उभा राहिला.
मी लिहिलं: साडेअकरा.
खांद्यावर त्याचा श्वास लागला,
चढावरून आल्यासारखा.
'टायरमध्ये हवा जास्त होती,' तो म्हणाला.
'असेल,' मी म्हणाले.

आता चकती समोवारच्या धुरांड्यावर आहे.
त्यानंच बसवली, तार गुंडाळून, वाकडी.
पाणी लवकर उकळतं म्हणतो.
पाहुण्यांनाही सांगतो.

त्याची वही
मी अजून घातलेली नाही.